कड जळतेय

नोव्हेंबरात फ्योर्डचं पाणी शिशाच्या रंगाचं होतं
आणि दिवस दुपारी तीनलाच आवरतं घेतो,
तेव्हा बोर्गहिल्ड मावशी यायची.
काखेत स्वतःचं लाटणं, बर्चचं, अंगभर खाचा असलेलं,
तान्ह्या पोरासारखं फडक्यात गुंडाळलेलं.
आईचं लाटणं ती वापरायची नाही.
आई विचारायचीही नाही.

अंगणापलीकडे भट्टीघर: दगडी भिंती, एक खिडकी,
वर्षातले सहाच दिवस जिवंत.
बटाटे आदल्या रात्री उकडलेले,
जवाचं पीठ, थोडं ओटचं,
मीठ अंदाजाने.
(अंदाज कोणाचा, यावरूनही एकदा वाजलं होतं म्हणे.)

मावशी लाटायची, आई भाजायची,
मी जाळाशी.
दोघींचा अबोला अकरा वर्षांचा.
काठावरची नावांची खोप
त्यांच्या वडिलांनी मरताना कोणाला दिली
ते दोघींनी वेगवेगळं ऐकलं होतं.

पण फ्लाटब्रोड एकटीने होत नाही.
इतकं पातळ लाटायचं
की खालच्या फळीच्या रेषा वर दिसाव्यात,
मग लांब चपटी काठी मधोमध सरकवून
ते अलगद उचलायचं
आणि गाडीच्या चाकाएवढ्या तव्यावर उलगडायचं,
एका दमात, सुरकुती न पडता.
तोवर पुढचा उंडा लाटून तयार हवा.

म्हणून मी.
"आर्नफिन, तुझ्या मावशीला सांग, जाड होतेय."
मावशी दोन हातांवर.
"आर्नफिन, तुझ्या आईला सांग, कड जळतेय."
मी सांगायचो. दरवेळी. शब्द न् शब्द.
आधी लाज वाटायची, मग कंटाळा आला,
आणि तेराव्या वर्षी मी पदरचं घालायला लागलो:
"आई, मावशी म्हणतेय, तुझ्यासारखं भाजणं कोणाला जमत नाही."
आईच्या हातातली काठी थांबली.
ती भाकरी पार काळी झाली,
कुत्र्यानेही हुंगून सोडली.
मावशी काहीच बोलली नाही. म्हणजे,
खोटं आहे असंही म्हणाली नाही.

सतराव्या वर्षी मी बेर्गनला गेलो
गोदीत वेल्डिंग शिकायला.
त्या नोव्हेंबरात रजा मिळाली नाही.
नाताळला परतलो तेव्हा कोठारात
फळीखाली दाबलेली थप्पी
माझ्या छातीपर्यंत.
मोजल्या. एकशे बावन्न.
एकीचीही कड जळलेली नव्हती.

"निरोप कोणी दिले?" मी विचारलं.
आई कॉफी ओतत होती.
"सरपण ओलं होतं यंदा," ती म्हणाली.

मावशीकडे गेलो. तिलाही विचारलं.
"तुझी आई," ती म्हणाली, "फार बडबडते."

खोप त्यानंतर चौथ्या हिवाळ्यात
बर्फाच्या ओझ्याने बसली.
कोणी पाहायला गेलं नाही, असं दोघींचं म्हणणं.
बर्फात बुटांच्या दोन रांगा होत्या,
एक जुनी, थोडी भरलेली,
एक ताजी.

आता माझा तवा विजेचा,
घर पाचव्या मजल्यावर, डोक्यावर धुराचा भोंगा.
दोन्ही लाटणी माझ्याकडे आली;
मावशीच्या लाटण्याच्या खाचांत
अजून पीठ आहे, सुईनेही निघत नाही.
मी लाटतो, धावतो, उलथतो,
पीठ चष्म्यावर, दाराच्या मुठीवर,
आणि तव्याकडे पोचेतो वास आलेला असतो.

परवा भोंगा तिसऱ्यांदा वाजला
तेव्हा खालच्या मजल्यावरची रागनफ्रिड वर आली,
घरातल्या चपला, ओले केस,
दारातच उभी राहून म्हणाली,
"कड जळतेय."

थेट मलाच काय सांगतेस, म्हणालो
आणि काठी तिच्या हातात दिली.